पाय माझा, हुकूम कुणाचा?

“मावशी, पाय सैल सोड की गं.”

सोडलेलाच होता. निदान माझी समजूत तशी होती. बेंगळुरूत जयनगरला ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी पाय लोंबकळत ठेवून बसले होते, आणि फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली भाची माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारत होती. लांब दांडीची, टोकाला रबरी कडेची चकती असलेली ती हातोडी तिनं नवीनच घेतली होती आणि घरातला एकही गुडघा सोडला नव्हता. दाजींचा पाय झकास उडाला, ताईचा उडाला, माझा मात्र ढिम्म. मी बँकेतून निवृत्त होऊन सांगलीहून इथे आलेली बाई. शास्त्राचा आणि माझा संबंध दहावीला सुटला. पण परीक्षेत मागे पडायची सवय नाही, त्यामुळे मी हातोडीकडे डोळे लावून, श्वास रोखून, पाय उडण्याची वाट बघत बसले. जितकी वाट बघितली तितका तो गप्प.

मग भाची म्हणाली, “दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकव. मी ‘ओढ’ म्हटलं की जोरात ओढ.” मी ओढली, त्याच क्षणी हातोडी पडली आणि पाय असा उडाला की समोरची खुर्ची सरकली. ओढले हात, उडाला पाय! एकोणिसाव्या शतकात हंगेरीतल्या येंड्रासिक नावाच्या डॉक्टरांनी ही युक्ती सांगून ठेवली आहे म्हणे. शरीरात एकीकडे जोर लावला की पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी एकूणच तयारीत येतात, आणि लक्ष हातांकडे गेल्यामुळे पायाला नकळत धरून ठेवणंही सुटतं.

नकळत धरून ठेवणं! म्हणजे मी काहीच करत नव्हते असं मला वाटत होतं, तेव्हा मी काहीतरी करत होते. आणि पाय उडाला तेव्हा ते मी केलं नव्हतं. या दोन वाक्यांनी माझा त्या दिवशीचा दुपारचा चहा गार झाला.

शाळेत शिकवलेलं एवढंच आठवत होतं, की तापलेल्या तव्याला हात लागला की मेंदूला न विचारता मेरुरज्जू परस्पर हात मागे ओढतो. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. बाकी सगळ्या हालचाली इच्छेच्या, त्या मेंदू करतो. दोन रकाने, दोन मार्क. भाचीनं वहीच्या मागच्या पानावर मला गुडघा काढून दाखवला तेव्हा त्या दोन रकान्यांमधली रेघ पुसट व्हायला लागली.

हातोडी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर बसते. कंडरा किंचित दाबली जाते, त्यामुळे मांडीचा पुढचा मोठा स्नायू जरासा ताणला जातो. त्या स्नायूच्या आत, त्याच्याच तंतूंना समांतर, ताण मोजणारी बारीक बारीक यंत्रं बसवलेली आहेत. त्यांनी ताण ओळखला की संदेश सेकंदाला सुमारे शंभर मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं मेरुरज्जूच्या खालच्या भागात पोचतो. तिथे एकच सांधा. संदेश आणणारी पेशी थेट स्नायू हलवणाऱ्या पेशीला गाठते, मध्ये कुणी नाही. स्नायू आकसतो, पाय उडतो. त्याच वेळी आणखी एक छोटी पेशी मांडीच्या मागच्या स्नायूला ‘तू गप्प बस’ असं सांगते, नाहीतर दोघं एकमेकांशी झगडत बसतील. हातोडी पडल्यापासून मांडीचा स्नायू जागा होईपर्यंत सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग जातो. मला हातोडी ‘लागली’ हे कळायच्या आत पायाचं सगळं उरकलेलं असतं. ही पाय उडण्याची गोष्ट एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रसिद्ध केली. त्याआधी हजारो वर्षं माणसं पाय लोंबकळत सोडून बसत होतीच, पण गुडघ्याखाली मारून बघायचं कुणाला सुचलं नसावं.

दाजी हे सगळं ऐकत होते. ते क्रिकेटचे भक्त. “म्हणजे द्रविडचे रिफ्लेक्स असे होते म्हण की!” बेंगळुरूत वाढलेला, घरी मराठी बोलणारा हा गडी आमच्या दाजींचं कुलदैवतच. पण भाचीनं बापालाही सोडलं नाही. तिनं पट्टी आणली, तिचं खालचं टोक माझ्या उघड्या अंगठ्या-तर्जनीमध्ये धरलं आणि न सांगता सोडली. मी पकडली ती साधारण वीस सेंटिमीटरच्या खुणेवर. एवढं अंतर पडायला पट्टीला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूनं ओळखायचं, ठरवायचं आणि हात मिटायचा, या सगळ्याला इतका वेळ हवाच. गुडघ्याच्या उडीच्या कितीतरी पट. द्रविडनं कसोटीत घेतलेले २१० झेल हे असे मेंदूतून गेलेले झेल आहेत. त्यातले बरेच कुंबळेच्या गोलंदाजीवर, म्हणजे स्लिप जवळ उभी असताना. तिथे चेंडू बॅटची कड घेऊन हातात यायला पट्टीएवढाच वेळ मिळतो. मग तो वेळेवर पोचायचा कसा? तर कड लागायच्या आधीपासून त्याचा मेंदू गोलंदाजाचा हात, टप्पा, बॅटचा कोन बघून अंदाज बांधत असतो. हजारो झेलांच्या सरावातून आलेली ही गोष्ट. दाजींना हे आवडलं नाही. मला उलट वाटलं, की यात द्रविडची थोरवी वाढतेच. गुडघा तर माझाही उडतो!

शनिवारी भाची मला निम्हान्सच्या मेंदू संग्रहालयात घेऊन गेली. होसूर रोडवरची ही संस्था बेंगळुरूच्या लोकांना पत्ता सांगायच्या कामी जास्त येते. तिची मुळं १८४७ सालच्या मनोरुग्णालयापर्यंत जातात. ते रुग्णालय आणि १९५४ ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९७४ मध्ये एकत्र झाल्या आणि निम्हान्स झालं. तिथल्या विकृतिशास्त्र विभागात काचेच्या बरण्यांत रसायनात ठेवलेले मेंदू आहेत. निरोगी, गाठ झालेले, रक्तस्राव झालेले, फीतकृमीच्या अळ्यांनी पोखरलेले. मृत्यूनंतर कुटुंबांनी दिलेले. हातमोजे घालून एक मेंदू तुम्हाला हातात धरायला देतात.

मी धरला. वजन दीड किलोच्या आतच, पण हातांना अपेक्षा नसते म्हणून जड वाटतो. मागच्या बाजूला, खाली, मूठभर आकाराचा, बारीक पदरांचा अनुमस्तिष्क लागतो. मेंदूतल्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज त्या मूठभर तुकड्यात असतात हे ऐकून मी तो पुन्हा उलटा करून पाहिला. हालचालीचा नेमकेपणा, तोल, वेळ साधणं हे त्याचं खातं. तो हालचाल सुरू करत नाही, पण तो बिघडला तर घास तोंडाऐवजी गालाला लागतो. मेरुरज्जू मात्र पाहून मी चाट पडले. करंगळीएवढी जाडी, हातभर लांबी. तो कमरेपर्यंतही पोचत नाही, वरच संपतो. खाली नुसत्या नसांचा झुबका. एवढ्याशा दोरीतून माझं चालणं, बसणं, उठणं सगळं जातं?

जातं. आणि कसं जातं ते तिथे उभं राहूनच मला पहिल्यांदा कळलं. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका पेशीचा धागा निघतो, मेंदूच्या बुडाशी बाजू बदलून पलीकडे जातो (म्हणून डावा मेंदू उजवं अंग हलवतो) आणि थेट मेरुरज्जूत उतरतो. तिथे तो दुसऱ्या पेशीला भेटतो, आणि त्या दुसऱ्या पेशीचा धागा पायाच्या स्नायूपर्यंत जातो. इच्छेपासून अंगठ्यापर्यंतच्या सरळ वाटेवर धागे फक्त दोन. आणि तो दुसरा धागा, दुसरी पेशी, तीच आहे जी हातोडीनंतर पाय उडवते. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ मध्येच हे मांडून ठेवलं होतं, की आज्ञा कुठूनही येवो, शेवटची वाट सगळ्यांना एकच.

हे मला माझ्या भाषेत पटलं. बँकेत काही रकमा शाखेच्या अधिकारात सुटतात, काहींना मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. पण पैसे मोजून देणारा कॅशियर एकच. मेरुरज्जू म्हणजे शाखा. आणि मुख्य कार्यालय नुसत्या मंजुऱ्या देत नाही, त्याहून जास्त परिपत्रकं काढतं ती ‘हे करू नका, ते थांबवा’ अशी. भाची म्हणाली, “मावशी, हेच परीक्षेत लिहिलं तर चालेल का गं?”

बाहेर पडून आम्ही दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी घेतली. स्टीलचा पेला, वरपर्यंत उकळती कॉफी, खाली वाटी. माझी बोटं पेल्याच्या पोटाला लागली आणि चटका बसला. हात मागे यायला हवा होता. पण बाजूला एका शाळकरी पोराचं डोकं होतं आणि मी पेला तसाच धरून, दात आवळून, कट्ट्यावर ठेवला. मग बोटं झटकली. शाळेतल्या तव्याच्या धड्यात हे नव्हतं. चटक्यानं हात मागे घेणं हे मेरुरज्जूचं काम खरं, पण त्यात मध्ये अनेक पेशी असतात आणि वरून त्यांना ‘थांब जरा’ सांगता येतं. उकळत्या दुधाचं पातेलं ओट्यापर्यंत नेणारी प्रत्येक बाई हे रोज करते. खरी आग तर नंतर सुरू झाली, कारण ती सांगणाऱ्या नसा सगळ्यात मंद, सेकंदाला मीटरभर चालणाऱ्या.

हे सगळं गमतीचं होतं. घरात गमतीचं नसलेलंही होतं.

मी बेंगळुरूला आले ते मुळात मोठ्या भावजींसाठी. दाजींचे थोरले भाऊ, गेल्या वर्षी पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली. बोलणं शाबूत. सुरुवातीला डावा पाय अगदी लुळा होता, उचलला की पडायचा. काही आठवड्यांनी तो ताठ व्हायला लागला. तपासणीच्या कागदावर ‘रिफ्लेक्स ब्रिस्क’ असं लिहून आलं आणि दाजींनी ते घरभर वाचून दाखवलं. ब्रिस्क म्हणजे चपळ, म्हणजे सुधारणा! भाचीनं त्यांच्या डाव्या गुडघ्यावर हलकीशी हातोडी मारली तर पाय असा उसळला की टाच खुर्चीच्या आडव्या दांडीवर आपटली. “बघा, जोर आहे अजून!” ताईनं हात जोडले. मोठे भावजी खूष झाले. भाची काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरात आल्यावर तिनं मला सांगितलं, की उजवा पाय बरा आहे म्हणून तो बेतानं उडतो. डावा इतका उडतो कारण त्याला आवरणारं कुणी राहिलेलं नाही.

मुख्य कार्यालयाची तार तुटली. आता मंजुरी येत नाही, म्हणून त्यांना मनात आणून पाय हलवता येत नाही. आणि परिपत्रकंही येत नाहीत, म्हणून शाखा एवढ्या-तेवढ्यावर तिजोरी उघडते. लुळेपणा आणि उसळी एकाच पायात! मी हे मान्य करायला बराच वेळ घेतला. माझ्या पिढीत पोलिओनं पाय गेलेली मुलं प्रत्येक वर्गात असायची. त्यांचा पाय हातोडीनं उडत नाही, कारण पोलिओ त्या शेवटच्या पेशीलाच, कॅशियरलाच मारतो. मग वरचा हुकूमही वाया आणि खालचाही. दोन्ही पाय चालत नाहीत, पण एक हातोडीला उत्तर देतो आणि दुसरा देत नाही, आणि डॉक्टर एवढ्यावरून सांगू शकतो की बिघाड कुठल्या मजल्यावर आहे. कोट्यवधींची यंत्रं असलेल्या या शहरात दोन-चारशे रुपयांची हातोडी अजून का टिकून आहे ते तेव्हा लक्षात आलं.

हातोडीच्या दांडीचं टोक तळपायावर टाचेपासून वर ओढलं की आपली बोटं खाली वळतात. मोठ्या भावजींच्या डाव्या पायाचा अंगठा सावकाश वर उठला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली. ही खूण पॅरिसच्या बाबिन्स्कीनं १८९६ मध्ये सांगितली. मग भाचीनं खालच्या मजल्यावरच्या कानडी बाईंचं पाच महिन्यांचं बाळ मागून आणलं आणि त्याच्या गुलाबी तळव्यावरून बोट फिरवलं. अंगठा वर! ताईनं “अगंबाई!” म्हणून तोंडावर हात ठेवला. घाबरायचं कारण नव्हतं. बाळाचे ते मेंदूतून उतरणारे लांब धागे अजून पूर्ण तयार झालेले नसतात, त्यांच्यावरचं आवरण पुरतं चढलेलं नसतं. वर्ष-दीड वर्षात चढतं, पोरगं चालू लागतं आणि अंगठा खाली वळायला शिकतो. सत्तरीच्या माणसात जे आजाराचं लक्षण, ते बाळात अगदी यथास्थित.

पण मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते भावजींच्या हसण्यानं. “दात दाखवा,” म्हटलं की त्यांचं तोंड उजवीकडे ओढलं जातं, डावा कोपरा तसाच. फोटो काढताना ते हसायचंच टाळतात. एकदा दाजींनी पगडी घालून आरशात बघत स्वतःचंच कौतुक केलं आणि मोठे भावजी खो खो हसले. दोन्ही बाजूंनी, सरळ. मी चमचा खाली ठेवला. हा माणूस हसू शकतो, मग सांगितल्यावर का हसत नाही? नात्यातल्या एका बाईंनी तर “नाटकं करतात” असंही म्हणून टाकलं. नाटक नव्हे. मुद्दाम हसण्याची वाट वेगळी आणि हसू येण्याची वेगळी. दोन्ही मेंदूतूनच निघतात, पण वेगवेगळ्या जागांहून. भावजींची पहिली वाट तुटली, दुसरी शाबूत आहे. तसाच त्यांचा डावा हात, जो मनात आणून इंचभर हलत नाही, तो मोठी जांभई आली की आपसूक वर उचलला जातो. वैद्यकात याची नोंद आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच त्या हाताकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

तेव्हा ‘इच्छेनं’ आणि ‘आपोआप’ या दोन रकान्यांत हसणं कुठे टाकायचं? आणि हसणंच कशाला, आमच्या बँकेच्या शाखेत एक कारकून होते. बाकी सगळं काम हातानं सुरळीत, पण पेन धरून सही करायला गेले की बोटं आखडायची. लोकांनी त्यांची थट्टा केली. त्याला डिस्टोनिया म्हणतात आणि तो मेंदूच्या आतल्या मंडलांचा दोष असू शकतो हे मला इतक्या वर्षांनी, बेंगळुरूत कळलं. २०१७ च्या जुलैमध्ये याच शहरात, भगवान महावीर जैन रुग्णालयात, एका गिटारवादकावर अशाच दोषासाठी शस्त्रक्रिया झाली. त्याच्या डाव्या हाताची बोटं गिटार धरली की वळायची, एरवी ठीक. त्याला जागं ठेवून मेंदूत खोलवर, थॅलॅमसमधला ठरलेला बिंदू उष्णतेनं जाळला, आणि ते चालू असताना तो तिथेच टेबलावर गिटार वाजवत होता. बोटं सुटली की डॉक्टरांना कळणार, दुसरा मार्ग नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, टाळूपुरतीच भूल लागते. एखादी हालचाल बंद पाडणारा अडसर काढायला मेंदूचा कण जाळावा लागतो, आणि मग इच्छा मोकळी होते!

भाचीच्या पुस्तकात शेवटी लिबेट नावाच्या शास्त्रज्ञाचा १९८३ चा प्रयोग आहे. माणसानं मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं. ‘आता हलवावं’ असं त्याला वाटण्याच्या आधीच, सेकंदाच्या साधारण तिसऱ्या भागानं, मेंदूत तयारीची विद्युत हालचाल दिसते. यावर चाळीस वर्षं भांडणं चालू आहेत, की मग ठरवतं कोण. दाजींना हा वाद फार आवडतो, जेवणं लांबतात. मला त्यात रस राहिला नाही. मोठे भावजी सकाळी डाव्या हातानं प्लॅस्टिकची वाटी सरकवायचा प्रयत्न करतात, कपाळावर घाम येतो, आणि वाटी बोटभर सरकते. तिथे कोण ठरवतंय याबद्दल मला शंका येत नाही. फिजिओथेरपिस्ट तेच ते पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण वाचलेल्या धाग्यांनी नवी कामं अंगावर घ्यायची तर त्यांना हाच एक मार्ग ठाऊक आहे.

आणि मलाही एक काम जमायला लागलंय. पोटरीचा स्नायू झटक्यानं ताणला गेला की भावजींचा पाय थडथड उडायला लागतो, सेकंदाला पाच-सहा वेळा. ताण, आकुंचन, पुन्हा ताण, पुन्हा आकुंचन. एकदा सुरू झालं की आपणहून थांबत नाही. बेंगळुरूच्या रस्त्यांवर ऑटोत बसायचं म्हणजे दर खड्ड्याला हे निमंत्रणच. त्यावर उपाय असा, की टाच पुरी टेकवायची आणि गुडघ्यावरून तळहातानं सरळ खाली दाब द्यायचा. काही क्षणांत थांबतं. परवा साउथ एंड सर्कलच्या अलीकडे खड्डा आला, पाय सुरू झाला, ऑटोच्या पत्र्यावर बुटाचा आवाज. मी वाकून दाब दिला. ऑटोवाल्यानं आरशातून विचारलं, “एनाय्तु सार?” भावजी म्हणाले, “एनू इल्ला, कालु डान्स माड्तिदे.” पाय नाचतोय म्हणे! ऑटोवाला हसला, भावजीही हसले, दोन्ही बाजूंनी, आणि मी दाब तसाच ठेवून म्हटलं, “भावजी, आता सिग्नल सुटलाय, नाच पुरे.”